भाड्यातला तिसरा हिस्सा

माझा घटस्फोट झाला तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते, मुलगी नऊ वर्षांची आणि माझी नणंद अठ्ठावन्न वर्षांची. नणंदेचं वय मुद्दाम सांगते, कारण ते नवं घर आठवायला लागलं की माझ्याआधी त्याच डोळ्यांपुढे उभ्या राहतात. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, कानामागे पेन्सिल, आणि चेहऱ्यावर असा भाव की या घरात कुठेतरी एक नळ ठिबकतोय आणि तो कुणालाच ऐकू येत नाही.

मी त्यांना वन्सं म्हणायचे. नवऱ्याची मोठी बहीण आहे, मान देऊन हाक मार, असं लग्नाच्या वेळी आईनं बजावलं होतं. तोंडात बसलं ते बसलंच. वन्सं माझ्या नवऱ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठ्या. त्यांचा स्वतःचा संसार दोन वर्षंच टिकला. सव्विसाव्या वर्षी त्या माहेरी परतल्या तेव्हा वडील गेलेले होते, आई अंथरुणाला खिळलेली आणि भाऊ चौथीत. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या आणि बत्तीस वर्षं कानाला यंत्र लावून लोकांना लोकांशी जोडून देत राहिल्या. भावाला त्यांनीच वाढवलं, शिकवलं. त्याचं लग्न झाल्यावर त्या आमच्याच घरी, मागच्या खोलीत राहायच्या. त्या खोलीत इस्त्रीचं टेबल होतं, जुन्या ट्रंका होत्या, पाहुणा आला तर तोही तिथेच बसायचा. म्हणून वन्संची खाट घडीची, माहेरी परतल्यापासूनची तीच. सकाळी उठल्या की मिटवून भिंतीला टेकवायच्या.

त्यांच्या काटकसरीला आम्ही नवराबायको मनसोक्त हसायचो. साबणाची चपटी झालेली चकती त्या नव्या वडीला चिकटवायच्या. पार्सलची सुतळी सोडवून गुंडाळी करून ठेवायच्या. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की विचारायच्या, "दिव्याला काही वाचायचंय का?" आणि कुणी फोनवर फार वेळ बोलत राहिलं की मागून आवाज यायचा, "तीन मिनिटं झाली." पूर्वी बाहेरगावचे फोन तीन मिनिटांच्या हिशेबानं लागायचे, ती त्यांची सवय. आम्ही पाठीमागे त्यांना 'बचत खातं' म्हणायचो. आज बचत खातं रागावलंय, आज बचत खात्यानं दुधावरची साय मोजली. त्या हसण्याची आता लाज वाटते. पण ते दिवस वाईट नव्हते, हेही खरंच. त्या घरात आम्ही दोघं एकत्र हसायचो ते बहुतेक त्यांनाच.

माझा नवरा दातांच्या डॉक्टरांना लागणाऱ्या खुर्च्या विकायचा. महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. समुद्राकाठच्या एका शहरात त्याचं जास्त जाणं होऊ लागलं, मग तिथे कुणीतरी आहे हे मला कळलं, आणि मला कळलंय हे त्याला कळलं. एका सकाळी चहाचा कप विसळून पालथा घालता घालता त्यानं सगळं सांगून टाकलं. आदळआपट झाली नाही. भांडायलासुद्धा माणसांत थोडं काही शिल्लक असावं लागतं. वन्सं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. दिवसाउजेडी जळत राहिलेला ओट्यावरचा दिवा तेवढा त्यांनी बंद केला आणि मागच्या खोलीत निघून गेल्या.

कागदांवर सह्या झाल्या आणि मला एक रक्कम मिळाली. माझ्या चौदा पगारांएवढी.

माझी नोकरी चष्म्याच्या दुकानात होती, मागच्या खोलीत. डॉक्टरांचा कागद आला की मी काच निवडायची, चाकावर पाण्याच्या धारेखाली घासून फ्रेमच्या मापाची करायची, कडेला हलका उतार द्यायचा आणि फ्रेम गरम करून त्यात बसवायची. बोटांवर सदोदित पांढरी पूड. काम मला चांगलं येत होतं. पण पैशाच्या बाबतीत मी पहिलीतल्या मुलीएवढी होते. भाडं, बिलं, विमा, सगळं नवरा बघायचा. माझा पगार भाजीत, मुलीच्या वह्यांत आणि इकडेतिकडे विरून जायचा. विजेचं बिल कुठल्या खिडकीत भरतात हे मला माहीत नव्हतं. आणि अचानक चौदा पगार एका ओळीत छापलेले, माझ्या नावावर.

मी घर शोधलं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, दुसऱ्या मजल्यावर. खाली सायकलींचं दुकान होतं. सायकलवाला प्रत्येक दुरुस्त सायकलची घंटी वाजवून बघायचा, त्यामुळे सकाळी नऊपासून जिन्यातून घंट्या वर यायच्या, आणि त्यांच्यासोबत नव्या टायरचा वास. अजून कुठे रबराचा वास आला की मला त्या घराची पहिली सकाळ आठवते. रिकाम्या खोलीत मुलगी घसरगुंडी खेळत होती आणि मी खिडकीत बसून कपाऐवजी चहा बरणीतून पीत होते.

रिकाम्या खोल्यांची मला भीती वाटली असावी. चौथ्या दिवशी मी फर्निचरच्या मोठ्या दुकानात गेले आणि आठ माणसांचं जेवणाचं टेबल घेतलं. शिसवी रंगाचं, गोलाकार कडांचं. आमच्या जुन्या घरी सहा माणसांचं होतं. आम्ही दोघीच होतो, त्यातली एक नऊ वर्षांची. पण ते टेबल पाहिल्यावर मला वाटलं, हे घरात असलं की कुणाला आमच्याकडे बघून वाईट वाटणार नाही.

टेबल जिन्याच्या पहिल्या वळणावर अडकलं. वर जाईना, खाली येईना. हमालांनी आडवं केलं, उभं केलं, तिरकं केलं. पाय सुटे होणारे नव्हते. हमाल म्हणाले, आमची वेळ संपली, आणि गेले. वरच्या मजल्यावरचे शिक्षक टेबलाखालून वाकून घरी गेले. मी पायरीवर बसले होते, आणि नेमक्या त्याच वेळी मुलीची राहिलेली पुस्तकं पोचवायला वन्सं आल्या.

त्यांनी टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तीन प्रश्न विचारले.

"किती दिले?"

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि उघडले.

"पावती आहे?"

"आहे. पण त्यावर लिहिलंय, विकलेला माल परत घेतला जाणार नाही."

"दुकान किती वाजता उघडतं?"

सायकलवाल्यानं आणखी दोघांना बोलावून टेबल कसंबसं खाली आणलं आणि रात्रीपुरतं दुकानात घेतलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी धावतपळत फर्निचरच्या दुकानात गेले. दारातल्या मखमली सोफ्यावर वन्सं बसल्या होत्या, सकाळी दहापासून. मांडीवर विणकाम, शेजारी डबा. एक नवराबायको कपाट बघायला आत आले, तशा वन्सं अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "जिना मोजलात का हो? मोजून घ्या. इथे परत घेत नाहीत. आमचं टेबल काल जिन्यातच अडकलं." बत्तीस वर्षं फोनवर कमावलेला आवाज तो, दुकानाच्या टोकापर्यंत स्वच्छ ऐकू जायचा. ते जोडपं कपाटाची मापं विचारत विचारत बाहेर पडलं.

मालक घाम पुसत आला. "बाई, तुम्हाला नक्की काय हवंय?"

"काही नको. बसलेय जरा. सोफा चांगला आहे, पाठीला थोडा टोचतो." हे शेवटचं वाक्य त्यांनी आत येणाऱ्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघून म्हटलं.

दुपारी तीनपर्यंत पैसे परत मिळाले. हमाली मालकानं कापून घेतली होती. त्यावरही घासाघीस करून वन्संनी निम्मी सोडवली. मी मालकाला सॉरी म्हणाले तर वन्संनी बाहेर आल्यावर मला विचारलं, "ते सॉरी कशाबद्दल होतं? टेबल तू वाकडं केलंस का जिना?"

चष्म्याच्या दुकानात फोन करून मी उरलेला दिवस सुट्टी मागितली आणि आम्ही बसनं माझ्या घरी आलो. वाटेत त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि तिकिटाच्या मागच्या बाजूला मला आकडे लिहायला लावले. भाडं, वीज, शाळा, दूध, बस. पगार. मग पगारातून खर्च वजा. खाली जी तूट आली ती मी मिळालेल्या रकमेतून भरणार होते.

"किती महिने पुरेल?" त्यांनी विचारलं.

मी भागाकार केला. दोनदा केला. "साडेतीन वर्षं."

"त्यात टेबलं धरलीस का?"

मी रडायला लागले. बसमधले लोक बघायला लागले. वन्सं खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली," आणि स्वतःचा रुमाल दिला.

घरी आल्यावर त्यांनी दोन्ही खोल्या हिंडून पाहिल्या. नळ सोडून बंद केला. खिडकीची कडी लावून बघितली. मग जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "तो घर विकतोय. तिकडे नवं घेणार आहे. मला कुणी विचारलं नाही. अक्का येईलच, असं धरून चाललेत सगळे. टेम्पोत फ्रिज, त्याच्या बाजूला अक्का."

ज्या घरातून मी आठवड्यापूर्वी निघाले होते त्या घरातून त्याही निघणार आहेत, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"ही मागची खोली तू कशाला वापरणार आहेस?"

"ठरवलं नाही."

"भाड्याचे तीन हिस्से करायचे. तिसरा हिस्सा माझा. मुलीचा तू भरायचा. ती माझी भाची असली तरी ती वस्तू तुझी."

मी म्हणाले, "वन्सं, लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? त्यांना भाडं भरायचंय का?"

"आणि आता आपलं नातं तरी काय राहिलं? मी तुमची कुणीच नाही."

त्यांनी जरा विचार केला. "मी तुझी नणंद होते तेव्हा तरी आपलं कुठे पटत होतं?"

त्या हसल्या नाहीत, पण मी हसले. त्या वर्षातलं पहिलं हसू असेल ते.

पुढच्या रविवारी त्या एक ट्रंक आणि घडीची खाट घेऊन आल्या. मग आमचं घर लावणं सुरू झालं. आज माझ्या मुलीच्या घरी वस्तू एका दिवसात दारात येऊन पडतात. आमच्याकडे एकेका वस्तूला आठवडा लागायचा, आणि म्हणून एकेका वस्तूचा दिवस मला आठवतो. बंद पडलेल्या एका वाचनालयाचं सामान विक्रीला निघालं होतं. तिथून लांबट टेबल आणलं, पातळ, चार माणसांचं, जिन्याचं माप दोरीनं दोनदा घेऊन. टेबलावर कुणीतरी कर्कटकानं कोरलेलं बदक होतं. मुलीनं तीच जागा आपली म्हणून धरली. हॉटेलवाल्यानं काढलेले पडदे आणले, ते उंचीला इतके जास्त होते की उरलेल्या कापडात उशांचे अभ्रे झाले. कपबशा मात्र नव्या घ्यायच्या असं वन्संनी ठरवलं. प्रत्येकीनं आपला कप आपण निवडायचा. मी दोन मिनिटांत निळा घेतला, मुलीनं मांजराचा. वन्सं दुकानात अर्धा तास उभ्या होत्या. एक उचलायच्या, ठेवायच्या. मला वाटलं, किमती बघताहेत. शेवटी त्या माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "मला कुठला आवडतो हेच कळत नाहीये गं."

त्यांनी पांढरा घेतला, हिरव्या काठाचा. दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून पिवळा आणला.

पैशाचं शिकवणं त्यांच्या पद्धतीनं चालायचं. एक्स्चेंजच्या जुन्या खाकी पाकिटांवर त्यांनी मोठ्या अक्षरात भाडं, घर, आणि 'हात लावू नये' असं लिहिलं. पगाराच्या दिवशी तीन पाकिटं टेबलावर. मिळालेली रक्कम बँकेत मुदतीनं ठेवली. बँकेत, वीज कार्यालयात, विम्याच्या खिडकीपाशी त्या माझ्याबरोबर यायच्या, पण तोंड उघडायच्या नाहीत. कारकुनानं काही विचारलं की मी मागे वळून बघायची आणि त्या छताकडे बघायच्या. एकदा मी चिडले. म्हटलं, मग येता कशाला? म्हणाल्या, "मी फक्त रांगेत सोबत."

शनिवारी दुपारी मी घरी चष्मे दुरुस्त करायला लागले. सुटलेला स्क्रू, वाकडी काडी, नाकावरची गादी. ही कल्पना माझी, पण दर वन्संचे. कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवलेले. वरच्या मजल्यावरचे शिक्षक म्हणाले, "अहो, एक स्क्रू तर आहे." वन्सं म्हणाल्या, "एकच आहे म्हणून तर एवढेच पैसे." शिक्षकांनी दिले. पुढे त्यांनीच शाळेतल्या अर्ध्या मास्तरांना आमच्याकडे पाठवलं. खिडकीतून ऊन टेबलावर यायचं, मी काचा पुसून उन्हात धरायची आणि भिंतीवर उजेडाचे गोल हलायचे. मुलगी ते गोल पकडायला धावायची. खाली घंट्या वाजत असायच्या. तेव्हा मी चिंतेत असायची खरी. पण आज कुणी मला आयुष्यातली एक दुपार परत देतो म्हटलं तर मी त्यातलीच एक मागेन.

आम्ही भांडायचोही. मी मुलीला रंगीत पेन्सिलींची मोठी पेटी आणली तर दोन दिवस अबोला. त्या उरलेल्या भाताचं काय काय करायच्या ते मला सहन व्हायचं नाही. आणि एकदा जेवता जेवता मुलीनं बॉम्ब टाकला. "आत्या, तुला माहितेय? आई आणि बाबा तुला बचत खातं म्हणायचे."

वन्संनी शांतपणे पाणी प्यायलं. "म्हणायचे ना? मग तुझ्या आईला विचार, व्याज किती मिळालं तिला."

त्या रात्री भांडी मीच घासली, पाळी त्यांची असूनही.

चार महिन्यांनी त्यांच्या निवृत्तीचे पैसे आले. त्या दिवशी त्या दुपारभर बाहेर होत्या, कुठे जाते ते सांगितलं नव्हतं. संध्याकाळी जिन्यात खडखडाट झाला म्हणून मी दार उघडलं, तर दोन माणसं पलंगाचे भाग वर आणत होती. रुंद पलंग, चार खण, डोक्याशी पुस्तक ठेवायला फळी, वर जाड गादी. नवा कोरा.

"कितीला ठरवलात?" मी विचारलं.

"ठरवला नाही. त्यानं सांगितले तेवढे दिले."

वन्सं गादीवर बसल्या, हातानं दाबून पाहिली, मग पाय वर घेऊन आडव्या झाल्या, दिवसा, चपला काढून, माझ्यासमोर. "बत्तीस वर्षं," त्या छताकडे बघत म्हणाल्या, "रोज सकाळी मी माझी झोप उचलून भिंतीला लावून ठेवली. आता ही इथेच राहील."

माझ्या नवऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या, बहीण माझ्याकडे राहते हे पटलं नव्हतं. तो महिन्यातून एकदा मुलीला न्यायला यायचा, तेव्हा दारातूनच बोलायचा. पलंग आल्यानंतरच्या रविवारी मात्र तो आत आला. वाचनालयाच्या टेबलाशी बसला. मी चहा ठेवायला उठले, पण स्वयंपाकघर चार पावलांवर. सगळं ऐकू येत होतं.

"अक्का, मी नवं घर बघितलंय. पहिला हप्ता मोठा आहे. तुझे पैसे आलेत ना?"

"आलेत."

"मग मी धरूनच चाललोय."

"मला न विचारता?"

"तुला काय विचारायचं, अक्का? आजवर कधी विचारलं का मी?" तो हे प्रेमानं म्हणाला. खरंच प्रेमानं. त्याला वाटत होतं तो जवळीक दाखवतोय.

वन्सं म्हणाल्या, "तुला शिकवलं ते मी आनंदानं केलं. त्यातलं काही परत मागणार नाही. पण हे पैसे माझ्या म्हातारपणाचे आहेत. त्यातून मला भाडं भरायचंय."

"भाडं कशाला? माझ्याकडे राहा ना."

"तुझ्याकडे राहिले की मी तुझ्याकडे राहते. इथे मी माझ्याकडे राहते."

तो उठला. "हिनं शिकवलं का तुला हे?"

"तिला अजून विजेचं बिल वाचता येत नाही, ती काय शिकवणार." मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा तो जिना उतरत होता.

मला वाटलं होतं वन्सं ताठ बसलेल्या असतील. त्या सुतळीची गुंडाळी सोडत होत्या आणि परत गुंडाळत होत्या. जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नीट जेवल्या नाहीत. "त्याला मी कधी नाही म्हटलं नव्हतं," एवढंच म्हणाल्या. "शब्द तोंडातून निघताना फार अवघड गेला गं. बाहेरगावचा फोन लावल्यासारखं, आत नुसती खरखर."

वर्षभर तो मुलीला बाहेरच्या बाहेर, शाळेतून न्यायचा. वन्संनी त्याला पत्रं लिहिली, दोन-तीन ओळींची, तब्येत विचारणारी. उत्तर आलं नाही. तेराव्या महिन्यात एक कार्ड आलं, घर लहान घेतलंय, समुद्र दिसत नाही पण ऐकू येतो. वन्संनी ते कार्ड 'हात लावू नये' च्या पाकिटात ठेवलं. त्या उन्हाळ्यात आम्ही तिघी तिकडे गेलो. मी आणि मुलगी लॉजवर उतरलो, वन्सं त्याच्याकडे दोन दिवस राहिल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, त्याची नवी बायको दिवे बंद करते. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र त्यांच्याजवळ नव्हतं.

वन्सं माझ्याबरोबर सोळा वर्षं राहिल्या. दर महिन्याच्या एक तारखेला भाड्याचा तिसरा हिस्सा टेबलावर यायचा, एक दिवस इकडेतिकडे नाही. घरमालकानं तीनदा भाडं वाढवायला काढलं तेव्हा तीनदा भांडून त्यांनी मागितल्याच्या निम्मीच वाढ दिली. मुलगी त्या मुदतीच्या रकमेवर शिकली. मी पुढे दुकानात भागीदार झाले, कागदपत्रं मी स्वतः वाचली, ओळ न् ओळ, आणि वन्सं शेजारी बसून छताकडे बघत होत्या. शेवटचं वर्ष त्यांना जिना चढता येत नव्हता. त्या खिडकीत बसायच्या आणि घंटीच्या आवाजावरून सांगायच्या, ही लहान मुलाची सायकल, ही पोस्टमनची. आजारी फार दिवस नव्हत्या. पहाटे झोपेतच गेल्या.

तो आला, दोन दिवस राहिला. केस पांढरे झाले होते, मला ओळखीचा आणि अनोळखी असा दोन्ही वाटला. मुलगीही आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं टेबलाशी चहा घेत बसलो. मग तो आपणहून सांगायला लागला. अक्का घरी परत आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तिच्या पहिल्या पगारात तिनं त्याला बूट घेतले. चांगले, चामड्याचे, पण पाय वाढणार म्हणून दोन मापं मोठे. पुढे वर्तमानपत्र कोंबून दिलं. तो दोन वर्षं ते बूट घालून शाळेत गेला, चालताना टाच मागे राहायची आणि फटफट आवाज व्हायचा. मुलं हसायची. त्यानं एकदा रडून सांगितलं, अक्का, मला माझ्या मापाचे दे. तेव्हा ती त्याच्यासमोर खाली बसली, बुटातला कागद काढून नवा घालून दिला आणि म्हणाली, पुढच्या वर्षी तुझं माप होतील.

"झाले का मग?" मुलीनं विचारलं.

"झाले. एक महिनाभर. मग लहान व्हायला लागले." तो हसला. "अजून मला बरोबर मापाचा बूट घातला की चावल्यासारखा वाटतो."

मुलीला हसू आवरेना, मग मलाही. निघायचं म्हणून त्यानं बूट आधीच चढवले होते, टेबलाखालून पाय बाहेर काढून दाखवला. बूट खरंच मोठा होता, पुढे बोटभर मोकळा. आम्ही तिघं बराच वेळ हसत होतो, आणि कुणीच घड्याळाकडे बघितलं नाही. मग मी उठून आणखी चहा टाकला.